शेपटीची थरथर

न बिघडणारी वस्तू ब्रह्मदेवालाही घडवता आलेली नाही, असं माझ्या थोरल्या मेव्हण्यांचं ठाम मत होतं. चहा बेचव लागला तर ते आक्काला, म्हणजे माझ्या बहिणीला, बोल लावत नसत. आधी स्टोव्ह, मग दूध, मग साखर, असे क्रमानं तपासत जात आणि तोवर चहा निवून जाई. लग्नाच्या मांडवात हातात अक्षता घेऊन ते लाउडस्पीकरची घरघर ऐकत उभे असत. "अर्थिंग गेलंय तुमचं," असं नवरीच्या बापाला सांगून आले की मगच जेवायला बसत.

खांद्याला ट्रान्झिस्टर लटकवून फिरणं हीच मोठी चैन होती त्या दिवसांत. तेव्हा अशा बिघाड हुडकणाऱ्या माणसाच्या हाती मित्रानं परदेशातून आणलेला, बिनतारी हुकमावर छोटं विमान चालवायचा संच पडला. विमान त्यांनी स्वतः बांधलं. गावातल्या सिद्धेश्वराच्या तळ्यावरून ते एकदा फिरवायचं, एवढं एकच स्वप्न. पण उडवण्याआधी तपासणी हवी. एकानं विमान धरून बसायचं, दुसऱ्यानं हुकूम सोडणारा ट्रान्समीटर घेऊन लांब लांब जात कळ हलवायची, आणि शेपटीची पट्टी नीट वळते का, हे बसलेल्यानं बघायचं. विमान धरायला आक्का. सासू-सासरे, दीर, नणंदा असलेल्या त्या घरात नवरा-बायकोनं फिरायला जाणं शोभत नसे. पण विमान धरायला माणूस लागतंच, हे सासूबाईंनाही पटलं. दर रविवारी संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरवर आक्का आणि तिच्या मांडीवर विमान, अशी वरात गावाबाहेर कुंभारीच्या रस्त्याला लागे.

माळावर उन्हं उतरलेली असत. मेव्हणे कळ हलवत पार ठिपक्याएवढे होत, आणि मग आक्का पदर हलवी. म्हणजे शेपटी थरथरतेय, बिघाड आहे. की आठवडाभर बॅटरी, एरियल, तारांचे जोड तपासायचे आणि पुन्हा रविवार. एकदा असं लांब गेल्यावर वाटेवरच्या शेतकऱ्यानं मेव्हण्यांना हटकलं, "काय हुडकताय?"

"विमानातला बिघाड."

"इमान तितं, अन् बिघाड हितं हुडकताय व्हय?"

"बिघाड लांबूनच बरा दिसतो," मेव्हणे म्हणाले.

परतताना ती दोघं सायकल हातात धरून चालत येत. घरात आठवडाभर मान खाली घालून वावरणारी माझी बहीण त्या वाटेवर हसत असे.

एका रविवारी आक्काला ताप होता, म्हणून मी गेलो. मेव्हणे नेहमीपेक्षाही लांब गेले. शेपटीनं प्रत्येक हुकूम ऐकला, थरथर म्हणून नाही. मी विमान घेऊन धावतच गेलो. "दाजी, बिघाड गेला की. आजच उडवू या."

त्यांनी विमान हातात घेतलं, मावळतीकडे धरून बराच वेळ पाहिलं आणि बटण बंद केलं.

"तुला दिसलं नसेल," ते हळूच म्हणाले. "ते तिलाच दिसतं."

विमान कधीच उडालं नाही. दाजींना त्याची हळहळ नव्हती असं नाही. तळ्याकाठी आले की ते उगाच वर बघत राहायचे.  पण तेव्हा, माझ्या त्या फेरीनंतरच्या रविवारी, आक्काचा ताप उतरला होता, आणि ती दोघं विमान घेऊन पुन्हा माळावर गेली.