‘इथे’ म्हणायच्या दोन तऱ्हा

२००४ साली शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बीजिंगची एक मुलगी बसायची. वय पंचवीस-सव्वीस. मला चिनी भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पार्टिशनपलीकडचं रोज कानावर पडून एक गोष्ट लक्षात आली. आईशी फोनवर बोलताना तिचा प्रत्येक दुसरा शब्द ‘र्र’ वर संपायचा, जीभ वळून. लंचला मात्र ती तैवानी मुलींच्या टेबलवर बसायची आणि तिथे तो ‘र्र’ गायब. आवाज मऊ, शब्द सुटेसुटे.

मी एकदा विचारलं, “तुम्ही दोन भाषा बोलता का?”

ती हसली. “एकच. आमच्याकडे ‘इथे’ म्हणजे ‘जर्र’. त्या म्हणतात ‘जली’. त्यांच्यात बसून ‘जर्र’ म्हटलं की मी बीजिंगच्या टॅक्सी ड्रायव्हरसारखी वाटते.”

मग टीममध्ये बीजिंगचाच एक मुलगा आला. पहिल्याच दिवशी लंचला तो तिला काहीतरी बोलला, सगळे हसले. ती हसली नाही. डबा अर्धा टाकून उठली.

तिची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून संध्याकाळी मीच तिला सोडायला निघाले. सिग्नलला ती आपणहून म्हणाली, “तो म्हणाला, तू कधीपासून तैवानची झालीस? त्याचं काही नाही गं. पण रविवारी आईशीही मी तसंच बोलले. चुकून. आई म्हणाली, कोण बोलतंय?”

तिचे डोळे भरले होते.

“मग तुझी खरी बोली कुठली?” मी विचारलं. विचारल्याबरोबर वाटलं, नको होतं विचारायला.

“तुझी कुठली?” ती म्हणाली. “तूही बदलतेस. फोनवर भावाशी बोलतेस तेव्हा वेगळीच असतेस. भाषा कळत नसली तरी ऐकू येतं मला.”

मी नागपूरची. ऑफिसातल्या पुण्याच्या मंडळींसमोर ‘करून राहिले’ कधी तोंडातून जाऊ द्यायचे नाही, ‘करतेय’ म्हणायचे. हे मी ठरवून करत होते, की होत होतं? आठवेना.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा त्याच टेबलवर बसली. एका बाजूला तो मुलगा, दुसऱ्या बाजूला तैवानी मैत्रीण. त्याच्याकडे मान वळवली की ‘र्र’, तिच्याकडे वळवली की नाही. तिला ते जाणवत होतं का, कोण जाणे. मी सांगितलं नाही.

त्या रविवारी भावाला फोन लावला. त्यानं उचलला आणि माझं पहिलं वाक्यच ठरेना. दोन्ही तऱ्हा खोट्या वाटायला लागल्या.

“बोल ना वं,” तो म्हणाला. “झालं काय?”


“काही नाही,” मी म्हटलं. दोन्ही तऱ्हांत सारखंच, म्हणून तेवढंच नीट आलं.