मक्यात आलेली होडी

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं सरलं, की काठचे शेतकरी उघड्या पडलेल्या गाळात मका पेरतात, अगदी आमच्या होड्या लावायच्या जागेपर्यंत. त्यावरून शेजारच्या मळ्यातल्या आबांशी माझं कडाक्याचं भांडण झालं होतं. बोलणंच बंद होतं.

अशात एका संध्याकाळी वळवाच्या वादळानं आमची शिडाची मासेमारीची होडी नेमकी त्यांच्याच मक्यात नेऊन टाकली. सकाळी मी आणि माझा भाऊ ती ढकलत होतो, पण जागची हलेना. तेवढ्यात आबा ट्रॅक्टर घेऊन आले. मका आडवा झालेला बघून शिव्या देणार, म्हणून मीही तयारीत होतो. त्यांनी मात्र होडीला दोर बांधला आणि उभ्या पिकातून होडी पाण्यापर्यंत ओढत नेली.

"लई उपकार झालं, आबा," मी कसंबसं म्हणालो.

"शीड धड हाय न्हवं? मग चला," ते म्हणाले. "काल वारं सुटल्यावर माझा भाऊ पाण्यातली पंपाची मोटार काढायला गेला. अजून घरी आला न्हाय."

होडीत चढताना त्यांच्या काखेत कापडाची एक घडी होती. त्यांचा भाऊ सापडला तर अंग पुसायला टॉवेल घेतला असेल, असं मला वाटलं. जवळ बसल्यावर दिसलं, ते कोरं पांढरं कापड होतं.