नलिनीबाईंचा तास

मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, नवं सोयाबीन येऊ लागलं की परळीच्या दुपारला एक निराळाच गंध सुटतो. दमट धान्याचा, तापलेल्या गोणपाटाचा, आणि वीजकेंद्राकडून वाऱ्याबरोबर उतरणाऱ्या त्या बारीक राखेचा, जिचा वास आम्हा परळीकरांना आता जाणवतही नाही. आश्विनातल्या अशाच एका दुपारी वडिलांचा, अप्पांचा, डबा घेऊन मी मोंढ्यातल्या आमच्या किराणा दुकानाकडे निघाले होते. ऊन गुळाच्या नव्या ढेपेसारखं पिवळंधमक होतं, पण माझं लक्ष उन्हात नव्हतं. सायंकाळी माझी पहिली कादंबरी पुण्याला पाठवायची होती, तीही बदललेल्या शेवटासह.

कादंबरी किशोरांसाठी, जादूच्या शाळेची. पहाटे वीजकेंद्राच्या धुराची सावली जिथे पडते तिथे नेमकं पाऊल टाकावं, आणि ते थेट लिंबागणेशच्या पलीकडच्या डोंगरात, शाळेच्या फाटकाशी पडावं. तिथली मुलं वाऱ्याला गाठी मारायला शिकतात, विझलेल्या निखाऱ्यांतून कालचा दिवस वाचायला शिकतात. तेजू नावाची पंधरा वर्षांची मुलगी तिथे येते आणि तिला घडवतात त्या छायाविद्या शिकवणाऱ्या नलिनीबाई. करड्या केसांच्या, शिस्तीच्या, रागावतानाही आवाज न चढवणाऱ्या. अखेरीस काळोख शाळेत शिरतो, तेव्हा बाई स्वतःची सावली सोडवून मुलांवर पांघरतात. मुलं वाचतात, पण सावलीवाचून माणूस जगत नाही, हा त्या शाळेचा पहिला नियम.

संपादकांना सारं आवडलं होतं, एवढाच शेवट सोडून. मुलांनी इतकं दुःख उराशी घेऊन पुस्तक मिटू नये, बाईंना परत आणा, असं त्यांचं म्हणणं. सकाळी मी त्यांना परत आणलं होतं. अर्ध्या पानात. सावली उलगडली, बाई उठून बसल्या, मुलांनी टाळ्या वाजवल्या. इतकं सोपं गेलं ते, की तेव्हापासून ते पान मी पुन्हा उघडलं नव्हतं.

मूळ हस्तलिखिताची छापील पानं मागच्या आठवड्यात अप्पांनी मागून नेली होती. पुड्या बांधायला नेली असतील, असंच मला वाटलं होतं. वर्तमानपत्रापलीकडे काही वाचताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुकानाशी पोचले तर तराजू निवांत, आणि अप्पा गादीवर बसून, चष्मा नाकाच्या टोकाशी आणून, मोठ्यानं वाचत होते. माझीच वाक्यं! शेजारच्या मोटार दुरुस्तीच्या दुकानातले सलीमचाचा उलट्या डब्यावर बसले होते. हात ग्रीसनं काळे, म्हणून पानाला स्पर्श न करता नुसतेच पुढे झुकलेले. साखरेला आलेल्या एक बाई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या आणि साखर मागायचं विसरल्या होत्या.

मी पोत्यांच्या थप्पीआड थांबले. तेजू वाऱ्याला सर्वांत अवघड गाठ मारत होती, श्वास रोखून. आणि मी पाहिलं, सलीमचाचांनीही श्वास रोखला होता. गाठ बसली, चाचांनी सुस्कारा सोडला. माझ्या खोलीत, माझ्या एकटीच्या डोक्यात जन्मलेला वारा या मोंढ्यात एका माणसाच्या फुप्फुसात शिरून बाहेर आला होता! याहून मोठी जादू मी कुठल्या प्रकरणात लिहिली असेन?

मग ते शेवटचं प्रकरण आलं, नलिनीबाईंचं. अप्पांचा आवाज संथ झाला, खोल गेला, आणि थांबला.

"थांबू नका अप्पा," चाचा म्हणाले. "मेली का काय ती?"

अप्पांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, पानं मांडीवर ठेवली, आणि मान वर केली तेव्हा त्यांना मी दिसले.

"गौरी, हे काय केलंस माय? कावून मारलंस तिला?"

"जादूची शाळा हाय ना पोरी?" चाचा उठूनच उभे राहिले. "मंग उठव की तिला! तुझ्याच तर हातात हाय समदं."

"उठवली, चाचा. सकाळीच उठवली." मी घाईघाईनं नवा शेवट सांगून टाकला. चाचांचा चेहरा फुलला. पिशवीवाल्या बाईंनाही हायसं वाटलं असावं, कारण त्यांना साखर आठवली. अप्पांनी मात्र साखर तोलली, पुडी बांधली, दोरा तोडला.

"न्हाई," ते म्हणाले. "ती गेली. मी आत्ता वाचलं. गेलेलं मानूस असं येत न्हाई." आणि जरा थांबून, "पन मला एक सांग. दुसऱ्या दिवशी तिचा तास कुनी घेतला?"

बाई गेल्या आणि माझी शाळाही तिथेच संपली होती. दुसरा दिवस उगवतो, घंटा होते, मुलं बाकांवर येऊन बसतात, हे मला सुचलंच नव्हतं.

"आमी सातवीला असताना गणिताचे गुरुजी वारले," डब्याचं झाकण काढता काढता अप्पा म्हणाले, कालपरवाची गोष्ट सांगावी तसे. "वर्ष सरलं तरी कुनी आलंच न्हाई. आमी त्या तासाला नुसते दाराकडं बघत बसायचो. मंग एकेक पोरगं यायचं बंद झालं. मी बी." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "म्हनून इचारलं."

हात पुसायचं फडकं सलीमचाचांच्या बोटांत तसंच राहिलं होतं.

मी घराकडे जवळजवळ धावतच सुटले. पाठीमागून चाचांची हाक आली, "लौकर लिही गं पोरी! उद्या दुपारी वाचायचं हाय!"

घरी आल्याआल्या सकाळचं अर्धं पान पुसून टाकलं. संपादकांना कळवलं, की बाई परत येणार नाहीत, पण पुस्तक तिथे संपणारही नाही. थोडे दिवस द्या. "वाट पाहतो," एवढंच उत्तर आलं. मग मी लिहायला बसले. रात्रभराचा काळोख डोंगरावरून निथळून गेलेला, खिडक्यांतून कोवळं ऊन फळ्यावर आडवं पडलेलं, खडूच्या धुळीचा तो कोरडा वास. घंटा झाली. तेजू पहिल्या बाकावर बसली आणि वर्गातले सगळे डोळे दाराकडे लागले.

आजवर त्या शाळेतलं सगळं मला ठाऊक असायचं. नियम माझे, मंत्र माझे, काळोखही माझाच. आता व्हरांड्यात पावलं वाजत होती आणि ती कोणाची हे मला कळत नव्हतं. मुलांच्या मधोमध, त्यांच्यातलीच एक होऊन, मी पहिल्यांदाच त्या वर्गात बसले होते.

दाराची कडी हलली.