अँड-बट मास्तर

उमापूरच्या शाळेतल्या राधाकिशन मास्तरांना इंग्रजी येतं, असं गाव छातीठोक सांगायचं. खरं म्हणजे त्यांना ते अर्धंमुर्धंच येत होतं. शाळा निजाम सरकारची, चावडीवरचे कागद उर्दूत, इंग्रजीचा तिथं संबंध काय? पण तरुणपणी नगरच्या बाजारात मास्तरांना एका रद्दीवाल्याकडं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक मिळालं. त्याची पुढची पानं वाळवीनं खाल्लेली, मागची उंदरांनी. मधला एक धडा तेवढा शाबूत होता. त्यात माणूस कसा आहे ते सांगणारे शब्द होते, माणूस काय करतो आहे ते सांगणारे, शेवटी 'इंग' लागलेले शब्द होते, आणि दोघांची गाठ मारायला 'अँड' आणि 'बट' होते. पदरी पडलं पवित्र झालं म्हणत मास्तरांनी तेवढा धडा तोंडपाठ केला आणि त्याच्यावर जन्मभर भागवलं.

वासरात लंगडी गाय शहाणी. पंचक्रोशीत कुणाला इंग्रजी कागद लिहायचा झाला की माणसं मास्तरांचं दार ठोठावत. एकदा पावसाळ्यात त्यांनी शाळेसाठीच औरंगाबादच्या साहेबाला लिहिलं, "रूफ ओल्ड अँड लीकिंग. चिल्ड्रन वेट बट रीडिंग." छप्पर जुनं आणि गळतंय; पोरं भिजलीत, पण वाचतायत. बस, एवढंच. साहेब पोट धरून हसला असेल, पण दोन महिन्यांत शाळेवर नवं छप्पर चढलं. तेव्हापासून गावानं त्यांचं नाव अँड-बट मास्तर ठेवलं, आणि मास्तरांनीही ते पागोट्यातल्या तुऱ्यासारखं मिरवलं.

त्यांची एक खोड मात्र लोकांना जाच वाटायची. ज्याचा कागद लिहायचा, त्याच्या घरी जाऊन अर्धा दिवस बसल्याशिवाय ते टाक उचलत नसत. म्हणायचे, "माणूस कसा हाय ते तोंडावर दिसतं. पण काय करतोय ते घरी गेल्याबिगर दिसत न्हाई. एकट्या शब्दावर माणूस उभा ऱ्हात न्हाई, बाबा." त्यांची बायको मुक्ताबाई कपाळावर हात मारून घ्यायची. "कागद लिव्हायचा हाय का सोयरीक जुळवायचीय?"

जर्मनची लढाई संपून सहा महिने झाले होते. एका सकाळी मंजुळाबाई दारात येऊन बसली. नवरा कधीच गेलेला, सटवा हा एकुलता एक मुलगा. तोही तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. हद्द ओलांडून इंग्रजांच्या मुलखात गेला आणि नगरला पलटणीत भरती झाला, एवढंच कानावर आलं होतं. त्यानंतर ना चिठ्ठी ना चपाटी. येणार तरी कुठून? मोगलाईतल्या, म्हणजे निजामाच्या मुलखातल्या माणसाला घेत नाहीत अशी कुणीतरी थाप मारली म्हणून या शहाण्यानं भरतीच्या वेळी मामाचं आडनाव आणि मामाचं गाव सांगितलं होतं, हे मागाहून कळलं. मामा तर तापाच्या साथीत गेला, मग खबर पोचवणार कोण? सरकारी दप्तरात उमापूरचा सटवा जन्मलाच नव्हता.

"मास्तर, नगरच्या छावणीत इस्पितळ हाय," मंजुळाबाई म्हणाली. "तिथं एक शिपाई हाय म्हणं. गोळा जवळ फुटला तवापासून बोलत न्हाई. नाव न्हाई, गाव न्हाई. मी गेलते. आत सोडलं न्हाई."

"कावून?"

"माझ्या आधी आठ-धा बाया जाऊन आल्या. जी आली तिला त्यो आपलाच वाटला. रडारड करून त्या पोराला पार भेदरवलं. आता डाक्टर म्हणतो, आधी इंग्रजीत लिहून धाडा, पोराची खूण काय. पटली तरच आत. आन् म्हैना सरला की त्याला लांबच्या येड्यांच्या इस्पितळात धाडणार. मग कुठं हुडकू?"

महिना सरायला सतरा दिवस होते.

मास्तर उपरणं खांद्यावर टाकून तिच्यामागोमाग निघाले. तिच्या ओसरीत बाजेवर बसून त्यांनी विचारलं, "सांग माय, सटवा दिसायला कसा?"

"काळासावळा. नाकेला. उंच न्हाई, ठेंगणा न्हाई."

"असे उमापुरातच चाळीस निघतील. बरं, काय करायचा?"

"लई कामाचा होता," मंजुळाबाई भराभरा म्हणाली. "नांगर धरायचा. मोट हाणायचा. एक घडी बसायचा न्हाई."

मास्तरांनी काहीच लिहिलं नाही. बाई हे सांगताना आपल्याकडं बघत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. ते नुसते बसून राहिले. मंजुळाबाईनं दळण आवरलं, शेण काढलं, भाकरी टाकल्या, त्यांच्यापुढंही एक ठेवली. ऊन ओसरीच्या पायरीवर आलं. मास्तरांचं लक्ष बाजेच्या दोरीवर गेलं. मग आढ्याला टांगलेल्या शिंक्यावर, मग खुंटीवरच्या दाव्यावर. ते उठले आणि प्रत्येक दोरी बोटांत धरून पाहू लागले. घरातल्या सगळ्या दोरांना पीळ उलटा होता.

"माय, ही दोरं कुणी वळली?"

मंजुळाबाईनं हातातली परात खाली ठेवली. ती चुलीपुढं तशीच बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली.

"त्यानंच. डावखुरा हाय. कामाचा-बिमाचा काय न्हवता, मास्तर. गप बसून नुस्ता घायपाताचा वाख वळायचा. मी टोक धरायचे, त्यो पीळ द्यायचा. एक दिस रान नांगरायचं पडलंय, हा दोर वळत बसलाय म्हणून माझं डोस्कं फिरलं. म्हणलं, ह्याच दोरीनं फास घे. दुसऱ्या दिशी गेला. लोकाला काय सांगू? तुमाला काय सांगू?"

मास्तरांचेही डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत. "हेच तर पायजे होतं, माय," ते म्हणाले.

त्या धड्यात पाठ केलेला एक शब्द इतक्या वर्षांत कधी कामाला आला नव्हता. मास्तरांनी तो आज बाहेर काढला. कागदावर लिहिलं, "सन क्वाएट बट ट्विस्टिंग." मुलगा गप्प, पण वळणारा. खाली लिहिलं, "मदर ओल्ड अँड वेटिंग." आई म्हातारी आणि वाट बघणारी. सटवानं वळलेल्या दाव्यातला वीतभर तुकडा कापून कागदात गुंडाळला. आपल्याकडच्या टपालाला उशीर होईल म्हणून पायी हद्दीपलीकडं जाऊन त्यांनी तो इंग्रजी टपालात टाकला. जवाबही तिथंच यायचा होता, म्हणून पुढं दोन आठवडे शाळा सुटली की मास्तरांची ती वारेमाप पायपीट चालूच राहिली.

तेराव्या दिवशी जवाब आला. त्यातलं निम्मं मास्तरांना कळलं नाही, पण 'कम' कळलं. एवढं पुरे होतं.

बैलगाडी जुंपून दोघं नगरला गेली. इस्पितळातल्या चाकरानं वाटेतच सांगितलं, की हा गडी रोज कांबळ्याचे धागे उपसून वळत बसतो, चार कांबळी वाया घालवली, आणि कागदातल्या तुकड्याला तसाच उलटा पीळ बघून डॉक्टर कितीतरी वेळ दोन्ही दोऱ्या हातात धरून उभा होता.

खाटेवर सटवाच होता. हाडं वर आलेली, नजर कुठंतरी भलतीकडं. आईकडं त्यानं पाहिलं, पण ओळख काही दाखवली नाही. आता ही बाई हंबरडा फोडणार आणि सगळं मुसळ केरात जाणार, असं मास्तरांना वाटलं.

मंजुळाबाई रडली नाही. ती खाटेच्या पायथ्याशी खाली बसली, त्याच्या हातातून लोंबणाऱ्या दोरीचं टोक उचललं आणि पूर्वी धरायची तसं दोन्ही हातांनी धरून बसली. सटवाचा डावा हात थांबला. मग पुन्हा चालू लागला. पीळ चढत गेला, तिच्या हातातलं टोक सैल पडलं.

"माय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ताणून धर की."

मास्तर बाहेरच्या लिंबाखाली जाऊन लहान मुलासारखे रडले.

सटवा घरी आला. बोलायचा कमीच, पण जेवायचा, झोपायचा, दोर वळायचा. आठवडाभरानं मंजुळाबाई भुईमुगाच्या शेंगांची पुरचुंडी घेऊन मास्तरांकडं आली.

"मास्तर, त्या कागदाची नक्कल तुमच्यापाशी हाय ना? त्यात मी वाट बघणारी हाय. तेवढं खोडा."

मास्तरांनी पेटीतून नक्कल काढली, 'वेटिंग'वर आडवी रेघ मारली आणि टाक वर धरून विचारलं, "मग आता काय लिहू, माय?"

पण मंजुळाबाई केव्हाच पायऱ्या उतरली होती. "मला येळ न्हाई," ती रस्त्यातूनच ओरडली. "त्यो दोराचं टोक धरायला बोलवतोय!"