कुत्र्याला शिकवलेली चौथी करामत

माझे वडील मेंढरं राखायचे. त्यांच्याकडे दोन-तीन कुत्री कायम असत, पण ती कामाची. शीळ घातली की मेंढरांना वळसा घालून आणायची, लांडग्याचा वास आला की अंगावरचे केस उभे करून कळपाभोवती फिरायची. त्यांना कुणी सलाम करायला शिकवलं नाही. कुत्र्याला नुसत्या गमतीसाठी काही शिकवावं, हे सुचायला आमच्या घराण्यात कुणीतरी मास्तर व्हावं लागलं. तो मी झालो.

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्याच्या आसपासची गोष्ट. हळ्ळीखेडच्या बाजूच्या एका गावात, मराठी शाळेत माझी बदली झाली होती. गावाचं नाव लिहीत नाही. शाळेत आम्ही चार मास्तर. त्यातले एक भालकी तालुक्यातले, खटकचिंचोळीकडचे. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. गणित शिकवायचे. त्यांच्या घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धर्म घेतला होता. ते गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत भाड्यानं राहत. त्यांना गावात खोली का मिळाली नाही, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. मला माहीत होतं.

त्यांच्या दारातली कुत्री व्याली तेव्हा त्यांनीच मला एक पिल्लू दिलं. काळंभोर, छातीवर पांढरा ठिपका. आम्ही त्याला करिया म्हणायला लागलो, कानडीत काळ्याला म्हणतात तसं. माझ्या दोन्ही मुली त्याच्यासाठी वेड्या झाल्या.

करामती शिकवायची कल्पनाही त्यांचीच. शाळा सुटली की ते सायकल घेऊन आमच्याकडे येत आणि शहाबादी फरशीच्या कट्ट्यावर बसून पिल्लाला शिकवत. मी सुरुवातीला चूक झाली की पिल्लाला चापट मारायचो. त्यांनी माझा हात धरला.

"मारू नका गुरुजी. मारलं की ते तुमच्या हाताकडं बघतंय. तुकड्याकडं बघत न्हाई. मंग शिकंल कसं?"

त्यांची रीत साधी होती. भाकरीला जरा गूळ लावायचा, तुकडा नाकासमोर धरायचा, आणि हवं तसं झालं की लगेच द्यायचा. नाही झालं तर रागवायचं नाही, तुकडा नुसता मुठीत झाकायचा. अशा रीतीनं करिया तीन करामती शिकला. "कुंड्रु" म्हटलं की बसायचा. "सलाम कर" म्हटलं की उजवा पाय उचलायचा. आणि "मेला रे मेला" म्हटलं की कुशीवर पडून डोळे मिटायचा, शेपटी मात्र हलत राहायची. एक हुकूम कानडी, एक दखनी, एक मराठी. मुली हसून लोळायच्या. ते म्हणायचे, "आपल्या पोरांपेक्षा ह्याचं तिन्ही भाषांचं बरं हाय."

चौथी करामत मी एकट्यानं शिकवली.

गावात एक मोठे शेतकरी होते. त्यांना सगळे अप्पा म्हणत. शाळेच्या कमिटीत त्यांचा शब्द चाले. संध्याकाळी त्यांच्या दारापुढच्या कडुलिंबाखाली बैठक भरायची. बाजेवर अप्पा, खुर्च्यांवर चार मानाची माणसं, आणि बाकीचे खाली सतरंजीवर. मी सतरंजीवर बसायचो. मास्तर असलो तरी मेंढक्याचाच मुलगा, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलून दाखवत नसे, पण खुर्ची रिकामी असली तरी "बसा" कुणी म्हणत नसे.

एकदा करिया माझ्या मागं-मागं तिथं आला. मी त्याच्या तिन्ही करामती दाखवल्या. सगळे खूश झाले. अप्पांनी घरातून दूध मागवलं. मग कुणीतरी म्हणालं, "पर मास्तर, हे कुत्रं तर तिकडच्या वस्तीतलं. तिकडचं खाऊन वाढलंय." आणि सगळे हसले. मीही हसलो. पण परत येताना ते हसणं मला टोचत राहिलं. मला वाटलं, हे कुत्र्याबद्दल नाही, माझ्याबद्दल बोलले. त्या मास्तरांबरोबर मी उठतो-बसतो, त्याबद्दल.

दुसऱ्या दिवसापासून मी शिकवायला सुरुवात केली. भाकरीचा तुकडा जमिनीवर ठेवायचा आणि विचारायचं, "कुणाची भाकरी?" मग स्वतःच एक शब्द म्हणायचा. त्या वस्तीतल्या लोकांसाठी गावात वापरायचे तो जुना जातीचा शब्द. धर्म बदलून त्यांना इतकी वर्षं झाली होती तरी गावाच्या तोंडून तो गेला नव्हता. इथं तो लिहायला माझा हात धजत नाही. तेव्हा दिवसातून वीस-वीस वेळा म्हणत होतो. तो शब्द म्हटला आणि करिया तुकड्याकडे वळला की मी तुकडा मुठीत झाकायचो. त्यानं तोंड फिरवलं की डाव्या हातातला गूळ लावलेला तुकडा पुढं करून म्हणायचो, "अप्पांच्या घरची! खा!" आणि तो झडप घालायचा.

रीत तीच होती, मास्तरांनी शिकवलेली. मारायचं नाही, रागवायचं नाही.

बायको एकदा चुलीजवळून म्हणाली, "हे काय शिकवायलाव त्याला?"

"गंमत हाय," मी म्हणालो.

"पोरी ऐकायल्यात."

मी पुढचा तुकडा जमिनीवर ठेवला. तीन आठवड्यांत करिया पक्का झाला. तो शब्द ऐकला की भाकरीकडे पाठ करून बसायचा, अगदी रुसल्यासारखा, मान वर करून.

लिंबाखाली ही करामत दाखवली त्या संध्याकाळी अप्पा हसता हसता खोकायला लागले. "अरे वा रे मास्तर! कुत्र्याला पण कळतंय की!" दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं आलं. पाहुणे आले की बोलावणं यायचं. अशाच एका संध्याकाळी अप्पा सहज म्हणाले, "खाली कामून बसलाव मास्तर? वर बसा की." मी खुर्चीवर बसलो. त्या क्षणी मला काय वाटलं ते खरं सांगायचं तर आनंद झाला. फार आनंद झाला.

हे सगळं त्या मास्तरांच्या कानावर गेलं होतं का, मला माहीत नाही. ते पहिल्यासारखेच येत-जात होते.

पुढं एका रविवारी सकाळी ते आले. त्यांच्या धाकट्या भावाला पोस्टात नोकरी लागली होती. आपल्या बायकोनं केलेल्या शेंगाच्या पोळ्यांचा डबा त्यांनी आणला होता. करिया त्यांच्या पायात घोटाळत होता. आम्ही कट्ट्यावर बसलो. माझ्या बायकोनं चहा टाकला, डबा आत न्यायला ती बाहेर आली, तेवढ्यात रस्त्यानं अप्पा आले. बरोबर बिदरचे दोन पाहुणे. शाळेच्या पत्र्याचं काही काम होतं, ते बघायला निघाले होते. मला बघून थांबले.

"मास्तर, आमच्या पाहुण्यांना ती गंमत दाखवा की."

मी म्हणालो, "सलाम दाखवतो अप्पा. मेल्याचं सोंग पण करतंय."

"ते न्हाई हो. ती भाकरीची."

मी मास्तरांकडे पाहिलं नाही. मला म्हणता आलं असतं, आज नको. कुत्र्याला बरं नाही असं म्हणता आलं असतं. खोटं बोलायलाही फार हुशारी लागत नव्हती. पण पाहुणे बघत होते, अप्पा बघत होते. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून मी डबा उघडला, शेंगाच्या पोळीचा तुकडा मोडला आणि फरशीवर ठेवला. बायको दारात तशीच उभी होती.

"कुणाची पोळी?" मी विचारलं. आणि तो शब्द म्हणालो.

करिया पाठ करून बसला.

पाहुणे हसले. अप्पांचं लक्ष तेव्हा मास्तरांकडे गेलं असावं, कारण ते म्हणाले, "गुरुजी, तुमी वाईट वाटून घिऊ नका बरं का. कुत्र्याची गंमत हाय."

"न्हाई अप्पा," मास्तर म्हणाले. "कुत्र्याचं काय वाईट वाटून घ्यायचं?"

ते उठले. खाली वाकून तो तुकडा त्यांनी उचलला, आपल्या तळहातावर घेतला आणि पिल्लू असताना बोलवायचे तशी जिभेनं टकटक केली. करिया वळला. त्यांच्या जवळ गेला. नाक तुकड्यापर्यंत नेलं आणि थांबला. माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, पाय थरथरत होते, शेपटी हलत होती. तो माझ्या परवानगीची वाट बघत होता. "खा" एवढंच मला म्हणायचं होतं. एक अक्षर.

मी म्हणालो नाही.

किती वेळ गेला कोण जाणे, फार नसेल. मास्तरांनी करियाच्या डोक्यावरून हात फिरवला, तुकडा शर्टाच्या खिशात टाकला आणि सायकल काढली. चहा झाला नव्हता. अप्पा आणि पाहुणे शाळेकडे निघाले, जाताना अप्पांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

बायको दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी धुतलेला डबा माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "तुमीच नेऊन द्या. मी कंच्या तोंडानं जाऊ?"

पंधरा दिवस तो डबा आमच्या कोनाड्यात होता. शाळेत मास्तर माझ्याशी कामापुरतं बोलत, नीट बोलत. खडू द्या, हजेरी द्या. त्यांनी तोंड वाकडं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. शेवटी एका दुपारी बायकोनं दिलेले तिळाचे लाडू डब्यात भरून मी त्यांच्या घरी गेलो.

त्यांच्या बायकोनं डबा घेतला, आत जाऊन पाण्याचा पेला आणून दिला. पेला हातात आल्यावर माझ्या ध्यानात आलं, पिल्लू न्यायला मी इथं आलो होतो, त्याआधी-नंतरही दहा वेळा दारापर्यंत आलो होतो, पण ह्या घरात मी कधी पाणी प्यालो नव्हतो. दर वेळी काहीतरी सांगून टाळलं होतं. ते मला आठवत होतं म्हणजे त्यांनाही आठवत असणार. मी पाणी प्यालो. ते प्यायल्याचा मोठेपणा वाटावा असं काही उरलंच नव्हतं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "अप्पांसमोर माझी जीभच वळली न्हाई."

मास्तर वह्या तपासत होते. त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

"किती दिवस लागले त्याला शिकवायला?"

मला प्रश्न कळला नाही. "कशाला?"

"ते पाठ करून बसायला."

"तीन आठवडे," मी म्हणालो.

"रोज?"

"व्हय. रोज."

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "त्या रविवारचं मला येवढं न्हाई वाटलं गुरुजी. अप्पा समोर, पाहुणे समोर. माणूस भितंय. मी बी भितो, कमिटीला मी पण नमस्कारच करतो. पर शिकवताना तिथं कुणी न्हवतं. तुमी, कुत्रं आन् तुमच्या पोरी. तीन आठवडे तुमी रोज घरात बसून ते म्हणत होताव."

मी क्षमा मागायला गेलो होतो ती एका घटकेच्या भित्रेपणाची. त्यांनी बोट ठेवलं ते भलत्याच जागी, आणि तीच जागा खरी होती. त्यांची बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिनं मान खाली घातली होती, जणू लाज तिलाच वाटत होती.

"चहा घिऊन जावा," मास्तर म्हणाले. मी चहा घेतला.

त्यानंतर अप्पांचं बोलावणं आलं तेव्हा मी सांगितलं, कुत्रं विसरलं. तेही खोटं. "मी दाखवणार नाही" असं म्हणायचं धैर्य मला तेव्हाही झालं नाही. थोड्या दिवसांत लिंबाखाली जायचंच मी सोडलं. कुणी विचारपूसही केली नाही.

करियाकडून ती करामत काढून टाकायचा मी प्रयत्न केला. तो शब्द म्हणून लगेच "खा" म्हणायचो. तो गोंधळायचा, एकदा वळायचा, एकदा पाठ करायचा. तिसऱ्या दिवशी बायको बाहेर आली. "आता तरी तो शब्द ह्या घरात काढू नका," म्हणाली. तिचं बरोबर होतं. मी थांबलो. कुत्रं पुढं सात-आठ वर्षं जगलं. थोरली मुलगी मोठी झाल्यावर एकदा तिनं मला विचारलं, "आबा, तुमी करियाला तसं कामून शिकवलं होतं?" मी म्हणालो, तेव्हा मला अक्कल नव्हती. तिनं मान हलवली, पण तिला ते पटलं नाही हे दिसत होतं. अक्कल नव्हती असं नव्हतंच.

मास्तरांनी त्याच उन्हाळ्यात बदली मागून घेतली आणि ते औरादकडे, संतपूरच्या बाजूला गेले. निरोपाच्या दिवशी मी हार घातला. त्यांनी तो घालून घेतला.

नंतर बऱ्याच वर्षांनी बिदरला, शिक्षण खात्याच्या कचेरीत ते भेटले. केस पूर्ण पांढरे झाले होते. हेडमास्तर झाले होते. बरोबर त्यांची मुलगी होती, कॉलेजात शिकवणारी. आम्ही कचेरीसमोरच्या हॉटेलात चहा घेतला. गुडघेदुखी, मुलांची लग्नं, औरादकडं शाळेत कानडी आणि तेलुगू पोरं एकाच वर्गात कशी सांभाळायची, असं बोलणं झालं. त्यांनी त्या रविवारचा विषय काढला नाही. मी मनात दोन-तीन वेळा वाक्य जुळवलं आणि प्रत्येक वेळी गिळलं.

उठताना त्यांनी मुलीला माझी ओळख करून दिली. "हे गुरुजी माझ्याबरोबर शाळेत होते." मुलीनं नमस्कार केला. माझे दोस्त, असं ते म्हणाले असते तर मला खोटं वाटलं असतं. त्यांनी खरं तेवढंच सांगितलं. औरादची गाडी लागली होती. मुलीनं त्यांची पिशवी घेतली, आणि दोघं स्टँडकडे चालायला लागले.