लेवलमधला बुडबुडा

हे मी कोणालेच सांगतलं नाही. बायकोले नाही, देवालेही नाही — देवापुढं नारळ फोडला तो दुसरंच काही मागाले. आज तुले सांगून राहिलो. काहून? मले माहीत नाही. ऐक गड्या, फक्त मधात बोलू नको.

रायपूर नवीन नवीन राजधानी झालं, तवाची गोष्ट. साहेब लोक आले, अन् त्यांच्या क्लबात अडगळीतलं बिलियर्डचं टेबल पुन्हा उभं करायचं ठरलं. मी तिथं मार्कर — पॉइंट मोजणारा, नवख्याले शिकवणारा. डावा पंजा कापडावर टेकवा, अंगठ्याच्या खाचेत काठी ठेवा, खांदा हालवू नका, कोपरापासून मारा. दिवसभर हेच. अजूनही हेच.

टेबल बसवलं बिसाहू ककानं. पुरानी बस्तीतला सुतार, साठीच्या पुढचा. तुले वाटत असंल, टेबल म्हणजे लाकूड अन् वर हिरवं कापड. छे! कापडाखाली दगड असते — पाटीच्या दगडाच्या पाच फरशा, एकेक उचलाले चार माणसं लागतात. ककानं त्या सागवानी चौकटीवर ठेवल्या. खाली कागदाएवढ्या पातळ पाचरी सारत चार दिवस लेवल मिळवली, सांध्यांत मेण भरलं. त्याची पितळी लेवल होती, काचेत बुडबुडा असलेली. बुडबुडा मधोमध आला का कका रोखलेला श्वास सोडे. कापड ताणून झाल्यावर मले म्हणे, "बाबू, एखर ऊपर कोनो झन बइठय." यावर कोणी बसू नये, एवढंच त्याचं मागणं.

मी बसलो नाही. मी उभा राहिलो.

उद्घाटनाच्या सकाळी टेबलावरच्या दिव्यातला एक बल्ब गेलेला दिसला. शिडी माळ्याच्या खोलीत, खोलीले कुलूप, अन् माळी गेला अभनपूरले. मी पेपर अंथरला अन् चढलो. पायाखालच्या सांध्यात 'कट्' झालं. बारीकसं. मी बल्ब लावला, उतरलो, कापडावर ब्रश फिरवला. तवाच ककाले सांगतलं असतं तं? दोन शिव्या देल्या असत्या त्यानं, अन् कापड काढून पुन्हा कामाले लागला असता.

संध्याकाळी मोठ्या साहेबांनी पहिला बॉल हळूच मारला. हळू मारलेला बॉलच टेबलाची जात सांगते. तो सरळ गेला, मग वाकला, अन् भलत्याच पॉकेटात पडला. लोक हासले. साहेब हासले नाही.

"किसने बनाया है ये?"

"साहब, बुजुर्ग आदमी है. आँखें कमज़ोर हो गई हैं."

किती सफाईनं बोललो मी! कोणी शिकवल्यासारखं. कलकत्त्याहून मिस्त्री बोलावला, टेबल दुरुस्त झालं, माझी नोकरी वाचली. ककाले पुन्हा कोणी टेबलाले हात लावू देला नाही.

तुले वाटलं असंल, हेच ते. नाही — खरं पाप पुढंच आहे. सांगतो.

आठ दिवसांनी कका माझ्या घरी आला. ओट्यावर लेवल ठेवली, एका बाजूनं कागदाच्या घड्या सारत राहिला. डोळे बारीक केले. मग माझ्याकडं पाह्यलं — लहान लेकरू पाह्यते तसं.

"मोला तो बीच मा दिखत हे, बाबू. तोला?"

मले कुठं दिसते, इचारत होता. मी वाकलो. नीट पाह्यलं. ककाचे डोळे चांगले, तं टेबल बिघडवलं कोणी? हा सवाल उरत होता ना! भेकड मी, जन्माचा भेकड.

"थोडा बाएँ है, कका," मी म्हटलं.

"हव," म्हणाला तो. लेवल फडक्यात गुंडाळली अन् माझ्याच हातात देली. त्यानंतर त्यानं रंधा धरला नाही, करवत धरली नाही.

पुढं एकदा पुरानी बस्तीत दिसला. भिंतीले हात लावून, चाचपत चालून राहिला होता. मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाले, गर्दीत. तरी त्यानं तिथूनच मले ओळखलं. हात वर केला, "बाबू!" म्हणून हाक मारली.

मी मान खाली घालून गल्लीतून निघून गेलो. त्याच साली कका गेला.

लेवल माझ्या कपाटात आहे. त्या दिवशी ओट्यावर बुडबुडा मधोमध होता.