न निवडलेलं बी

आमच्या थोरल्या जाऊबाई, आक्का, तळ्यात सोडायचं माशांचं बी तांदूळ निवडावेत तसं निवडायच्या. रोहू-कटल्याचा डबा आला की तो परातीत ओतून एकेक बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, डोळ्यांखालून घालायच्या. चिलापी दिसली की चिमटीत धरून बाहेर. "ही एकडाव शिरली की तळं हिचंच हुतंय," म्हणायच्या.

दुसऱ्या तलावावरून आलेलं जाळंही तीन उन्हं दिल्याशिवाय त्या आमच्या पाण्याला लावू देत नसत. माझा नवरासुद्धा सकाळी उठून त्यांनाच विचारी, "वैनी, जाळं वाळलं का?" कवठे महांकाळजवळच्या त्या तळ्यावर आमची दोन्ही घरं जगत होती, पण शब्द चाले तो फक्त त्यांचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. पावसाळ्यात माझ्या भावानं आष्ट्याहून डबा भरून बी आणलं. माझ्या माहेरचं बी या बाईच्या परातीत का म्हणून ओतायचं? आक्का बाजारला गेल्या होत्या. मी डबा थेट तळ्यात उपडा केला.

पुढच्या उन्हाळ्यात जाळ्यात हातभर लांब, काळे, मिशाळ मासे आले. परदेशी मागूर! त्यांनी खाऊन खाऊन रोहू नावालाच उरला होता. खालच्या तलावात हे जाऊ नयेत म्हणून आक्कांनी आधी ओढ्याच्या तोंडाला बारीक जाळी ठोकून घेतली. पाणी आटलं तशा चिखलात उतरून मागूर वेचू लागल्या. शेजारी मीही वेचत होते, मान खाली घालून.

सासऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "ह्ये आलं कुठनं?"

"माज्याच नजरंनं दगा दिला, मामंजी," आक्का म्हणाल्या.

मी वाकून पुढचा मागूर उचलला. बी निवडायचं काम त्यांच्याकडून काढून मला दिलं गेलं.

पुढे त्या खंडाळ्याला लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या. त्या एस.टी.त बसल्यावर मी खिडकीशी जाऊन कसंबसं म्हटलं, "आवं आक्का, ते बी मी सोडलं हुतं."

"ठावं हाय गं. तुजा भाऊच इच्यारून गेला की मला, आमचं बी कसं वाढलंय म्हणून."

"मग तवाच का बोलला न्हाईसा?"

"बोलले असते तर तुला कुणी तळ्याच्या काठाला हुबं केलं नसतं. माजं डोळं आता अधू झाल्यात. आन् एवढं भोगल्यावर तुज्याइतकं निरखून कोण बघंल?"

गाडी हलली. मला रडू फुटलं. आणि खरं सांगते, त्या घडीला मला त्यांचा जेवढा हेवा वाटला, तेवढा सगळ्या संसारात कधी वाटला नव्हता.